रतिबाला न घातलेलं दूध

पंचफुलाबाईबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं टाळकं सरकतं, हे फाट्यावर सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर लोक मुद्दाम माझ्या हॉटेलात बसून बोलतात. वारंगा फाटाच असा आहे. नांदेडला जाणारे, हिंगोलीला जाणारे, हळदीचे ट्रकवाले, सगळे माझ्याकडे चहाला थांबतात आणि अर्ध्या कपात दुनियेचा निकाल लावून पुढे जातात. मी वैजनाथ. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. बायको म्हणते, तुमच्या डोक्यावर पातेलं ठेवलं तर गॅस वाचेल. म्हणू दे.

पंचफुलाबाई वर्षानुवर्षं माझ्याकडे शेळीचं दूध घालते. फाट्यापासून आत, माळाच्या कडेला तिची वस्ती आहे. वीसपंचवीस शेळ्या, थोडी मेंढरं आणि ती. बाई उंचीनं बेताची, पण माळावरून हाक मारली तर इथे गिऱ्हाइकाच्या हातातला कप हलतो. म्हशीच्या दुधात तिचं दूध मिसळलं की चहाला जी चव येते, तिच्यासाठी लोक गाडी वळवून येतात. माझ्या सुनेला बाळंतपणात दूध आलं नाही, तेव्हा माझी नात तिच्याच शेळ्यांवर वाढली. म्हणजे आमचं नातं नुसतं गिऱ्हाइकीचं नाही.

तिचा नवरा रामप्रसाद. त्याला मेंढरांमागं हिंडायचा कंटाळा. तो पुण्याला गेला आणि एका क्लबात टेनिसच्या मैदानाची देखभाल करायला लागला. लाल मातीवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, पांढऱ्या रेघा झाडून काढायच्या. मुलगी राधिका सहा-सात वर्षांची झाली तशी शाळेसाठी तिलाही घेऊन गेला. पंचफुलाबाई मात्र जनावरं सोडून गेली नाही. पोरगी बापाचं काम होईपर्यंत भिंतीवर चेंडू मारत बसायची. तिथल्या एका सरांनी ते बघितलं, हातात बरी रॅकेट दिली, आणि त्यातून पोरगी थेट पेशाने खेळणारी झाली. एकविसाव्या वर्षी जगात सातशेच्या आसपास नंबर. मी तिला म्हणालो होतो, ‘‘राधे, सातशेवा नंबर म्हंजे नापासच की गं!’’ ती हसून लोळली. ‘‘मामा, जगात सातशेवी. तुमच्या शाळेत न्हाई.’’

मागच्या शिवरात्रीनंतर तिनं दक्षिणेत कुठेतरी एक स्पर्धा जिंकली. पहिलीच मोठी. माणिकराव आमच्याकडचे पुढारी, त्यांनी लगेच फाट्यावर बॅनर लावलं. ‘वारंग्याची वाघीण’. त्यात राधिकेचा फोटो एवढासा आणि माणिकरावांचा एवढा मोठा, जणू रॅकेट त्यांनीच फिरवली. पंचफुलाबाई रोज दुधाच्या कॅना घेऊन यायची आणि बॅनरखाली थोडं थांबायची. नुसती वर बघायची आणि पदरानं तोंड पुसायची.

आणि मग एका सकाळी ती बातमी आली.

गर्दीची वेळ होती. एकाच्या मोबाइलवर आली, मग दुसऱ्याच्या, आणि पाच मिनिटांत सगळं हॉटेल मोबाइलमध्ये मान घालून बसलं. ‘हिंगोलीची टेनिसपटू उत्तेजक चाचणीत दोषी.’ दोषी! अजून कुणी तिला एक शब्द विचारला नव्हता. नुसती लघवी तपासली, त्यात काहीतरी निघालं, तिला खेळायला तूर्त बंदी घातली, एवढंच झालं होतं. पण छापणाऱ्याला काय, ‘संशयित’ हा चार अक्षरांचा शब्द लांब वाटला, ‘दोषी’ म्हणून दोनच अक्षरांत मोकळा झाला.

तेवढ्यात पंचफुलाबाई कॅना घेऊन आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिला वाचता येत नाही, पण माणसं वाचता येतात.

‘‘काय झालं? सारे माझ्याकडं काहून बघून ऱ्हायले?’’

मलाच सांगावं लागलं. म्हणालो, ‘‘बाई, राधिकेनं कसली तरी दवा खाल्ली म्हनतेत. जोरासाठी.’’

‘‘माझी पोरगी? तिचं डोकं फुटलं तरी ती गोळी घेत न्हाई. सरांना इचारल्याबिगर ती खोकल्याचं औषध घेत न्हाई, भाऊ.’’ तिनं कॅना खाली ठेवल्या. मग कोपऱ्यातल्या एका टोळभैरवाकडे वळून विचारलं, ‘‘तू काहून हसला रे?’’

तो हसलाच होता. मी त्याला चहासकट बाहेर काढलं.

पुढचे दिवस मला आठवले तरी हात शिवशिवतात. कालपर्यंत जे लोक ‘आपली राधिका’ म्हणत होते, ते ‘मला आधीच शंका होती’ म्हणायला लागले. कुणी तिच्या फोटोत हातात इंजेक्शन चिकटवलं. कुणी तिच्या मनगटांवर गोल काढून ‘बघा, ही मुलीची मनगटं आहेत का’ असं लिहिलं. अरे, लहानपणापासून दर सुट्टीत शेळ्यांची धार काढलेली मनगटं आहेत ती! माणिकरावांनी बॅनर उतरवलं नाही, त्यातला राधिकेचा तेवढा तुकडा कापून नेला. मागे राहिलं भोक आणि माणिकराव.

त्याच सुमाराला परदेशातल्या कुणा मोठ्या टेनिसवाल्याचंही असंच प्रकरण टीव्हीवर चालू होतं. त्याचा निकाल म्हणे झटपट लागला आणि तो पुन्हा खेळायलाही लागला. झालं, माझ्या हॉटेलात दोन पक्ष पडले. एक म्हणे, मोठ्याला एक न्याय, गरिबाला दुसरा. दुसरा म्हणे, चोर ते चोर, मोठा काय अन् लहान काय. मी पहिल्या पक्षाचा. घसा बसेपर्यंत भांडलो.

भांडण चालू असताना कुणीतरी सृष्टीचं लिहिलेलं वाचून दाखवलं. सृष्टी म्हणजे अंतिम सामन्यात राधिकेकडून हरलेली मुलगी. तिनं लिहिलं होतं, ‘मी स्वच्छ खेळले आणि हरले. माझ्यावर अन्याय झाला की नाही, हेही कुणीतरी सांगा.’ आमची पोरं तिला मोबाइलवरून नको नको त्या शिव्या हासडायला लागली. पंचफुलाबाई दूध मापून देत होती. तिनं मला विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं.

‘‘बराबर बोलती ती,’’ पंचफुलाबाई म्हणाली. ‘‘माझी पोरगी हरली असती अन् तिच्यात दवा निघाली असती, तर मी काय म्हनले असते? मी तर घर डोक्यावर घेतलं असतं.’’ मग पोरांवर खेकसली, ‘‘ठेवा ते डबडे खाली. लेकीच्या जातीला शिव्या देता, लाज न्हाई वाटत?’’

मला तर तिचाच राग आला. म्हटलं, ही बाई कुणाच्या बाजूनं आहे?

राधिका पुण्यातच होती. खोलीतून बाहेर पडेना, फोन उचलेना. तिच्या सरांनी ओळखीतून एक वकील मिळवून दिली, मोहिनी नावाची. तरुण होती, पण नजर धारेची. ती रामप्रसादला गाडीत घालून थेट फाट्यावर आली. वस्तीवर रेंज नाही म्हणून माझ्या हॉटेलाच्या मागच्या खोलीत बसली. पंचफुलाबाई आली, मीही बसलो. माझ्या खोलीतून मला कोण उठवणार?

मोहिनीनं नीट समजावून सांगितलं. राधिकेच्या लघवीत जे निघालं ते अंगातलं पाणी काढणारं, सूज उतरवणारं औषध. त्यानं काही जोर येत नाही. पण काही खेळाडू दुसऱ्या औषधाच्या खुणा धुवून टाकायला ते घेतात, म्हणून त्याच्यावरही बंदी. ते अंगात कुठून आलं हे आपण दाखवलं, तर शिक्षा कमी होते, कधी नुसत्या समजेवरही सुटका होते. नाही दाखवलं तर दोन वर्षं.

‘‘दोन वर्सं गेली तर काय व्हतं?’’ पंचफुलाबाईनं विचारलं.

‘‘नंबर पुसला जातो, मावशी. सरावाचा खर्च उचलणारे आत्ताच हात काढून घ्यायच्या बेतात आहेत. आणि राधिका मला काल म्हणाली, दोन वर्षं झाली तर मी रॅकेट हातात धरणार नाही.’’

रामप्रसाद एवढा वेळ भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, ‘‘त्या मोठ्या खेळाडूला कसं सोडलं मंग?’’

मी म्हणालो, ‘‘हां! ते बोला!’’

‘‘त्याचं औषध वेगळं, पुरावा वेगळा. दोन्ही एका मापात मोजता येत नाहीत,’’ मोहिनी म्हणाली. ‘‘नियम एकच आहे, मामा. पण नियमापर्यंत पोचायला त्याच्याकडे विमान आहे, आपल्याकडे एसटी. त्याच्याकडे शोधणारी माणसं दुसऱ्या दिवशी हजर होती. आपल्याकडे मी आहे आणि तुम्ही आहात. म्हणून डोकं चालवा. स्पर्धेच्या आधी ती इथे आली होती ना? काय खाल्लं, काय प्यायली?’’

आली होती. शिवरात्रीच्या सुमाराला, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला म्हणून, दोन वर्षांनी पहिल्यांदा. पंचफुलाबाई आठवून सांगायला लागली. भाकरी, पिठलं, ठेचा, वांगी, आणि रोज दोन्ही वेळेला ताजं दूध. मोहिनी लिहून घेत होती आणि मान हलवत होती. काहीच हाताला लागेना.

दूध म्हटल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ‘‘थांबा, थांबा! बाई, शिवरात्रीच्या आधी तुमी मला दूधच घातलं नव्हतं! माझ्या नातीनं रडून घर उठवलं होतं. मी तुमच्यावर वरडलो होतो की न्हाई?’’

पंचफुलाबाईचा चेहरा उतरला. ‘‘व्हय. कबरी शेळीच्या कासेला सूज आली व्हती. बाकीच्या गाभन, दुधावर तीच एक. हरिचंदला बोलावून सुई टोचली.’’

आता हा तिचा नियम सांगायला हवा. शेळीला दवा दिली की तिचं दूध ती रतिबाला घालत नाही. कितीही हातापाया पडा, थेंब देणार नाही. मी एकदा म्हणालो होतो, चहात काय कळतंय. तेव्हा तिनं मला गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. तिच्या सगळ्या भावकीत हीच रीत. दवाचं दूध दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायचं नाही. पण ते फेकतही नाहीत. जनावराच्या अंगचं फेकणं म्हणजे पाप. ते घरात पितात. घरच्या जनावराचं घरच्याला बाधत नाही, असं ते मानतात.

मी तर उठून नाचायचाच बाकी होतो. ‘‘सापडलं! सूज उतरवायची सुई! सापडलं ना, मोहिनीताई?’’

मोहिनी हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं. ‘‘मावशी, तुम्ही ते दूध मामांना का नाही दिलं?’’

‘‘दवाचं व्हतं म्हनून.’’

‘‘म्हणजे ते माणसाला चांगलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं.’’

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. निकाल देणाऱ्या समितीनं म्हटलं असतं, खेळाडूच्या घरच्यांना माहीत होतं, तरी दिलं. आणि खेळाडूनं विचारलं नाही. चूक घरातच आहे. आणि बाईनं दूध रोखलं होतं हे सांगितलंच नाही, तर दुधात औषध होतं याला पुरावाच उरत नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ती हीच.

सुई दिल्याचा दुसरा साक्षीदार एक हरिचंद होता. तो मोटरसायकलवर बॅग अडकवून वाड्यावस्त्यांवर जनावरांना सुया टोचत फिरतो. डिग्री नाही, काही नाही. मी त्याला कळमनुरीच्या रस्त्यावर गाठलं. म्हटलं, एवढंच सांग की तू कबरीला सुई दिलीस. तो म्हणाला, ‘‘मी त्या वस्तीवर गेलोच न्हाई.’’ मी त्याची गचांडी धरली. तो रडायला लागला. ‘‘वैजनाथभाऊ, मी लिहून दिलं तर मला आत टाकतील. मला दोन पोरी हायेत.’’ काय करणार? सोडला. आजही त्याला चहा देत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मीच मार्ग काढला. पंचफुलाबाईला म्हणालो, ‘‘बाई, सरळ सांगा. सुई दिली की दुधाची चव बिघडती, म्हनून रतिबाला घातलं न्हाई. बाधतंय-बिधतंय काही ठाऊक न्हवतं. मीबी तेच सांगतो. दूध रोखलं हे बी खरं ऱ्हातं अन् तुमी बी सुटता.’’

रामप्रसाद तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. ‘‘एवढं एकच बोल. पोरीचं सारं त्याच्यावर हाय.’’

मोहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘मी कुणालाही खोटं बोलायला सांगणार नाही. मी उद्या फक्त विचारेन, दूध का घातलं नाही. उत्तर तुमचं.’’ आणि बाहेर निघून गेली.

पंचफुलाबाई एवढंच म्हणाली, ‘‘हूं.’’ त्या ‘हूं’चा अर्थ मला रात्रभर लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला. मी हॉटेल बंद ठेवलं, पण रस्ता कसा बंद ठेवणार? ट्रकचे हॉर्न चालूच. पडद्यावर चौकोनी चौकटी. तीन चौकटींत समितीची तीन माणसं: मधले साहेब हिंदी बोलणारे, एक डॉक्टर, आणि एक बाई मराठी बोलणाऱ्या. एका चौकटीत राधिका, पुण्याहून. मी तिला कितीतरी दिवसांनी बघत होतो. गाल बसलेले, डोळे बसलेले. पंचफुलाबाईनं पडद्याला हात लावला आणि मोहिनीनं तो हळूच मागे घेतला.

आधी माझा नंबर. शपथ झाली. मोहिनीनं विचारलं, दूध का आलं नाही. मी सरळ ठोकून दिलं, ‘‘दवा दिली की चव बिघडती, म्हनून घालत न्हाईत.’’ खोटं बोललो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. एका पोरीचं आयुष्य आणि माझी एक शपथ, मला तोलायला वेळ लागला नाही.

मग पंचफुलाबाई. पदर डोक्यावर, हात मांडीवर. मोहिनीनं तेच विचारलं.

बाईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग रामप्रसादकडे. ‘‘चव बिघडती म्हनून,’’ ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाटलं, हा हिचा नाहीच.

मी श्वास सोडला. रामप्रसादनं डोळे मिटले.

मधले साहेब काहीतरी लिहीत होते. तेवढ्यात त्या मराठी बाईंनी विचारलं, अगदी साधेपणानं, ‘‘चव इतकी बिघडली होती की तुम्ही हॉटेलला दिलं नाही. मग मुलीनं ते कसं प्यायलं? तिला चव लागली नाही का?’’

बाहेर एक ट्रक जीव खाऊन हॉर्न देत होता. मी मनात म्हणत होतो, बोल बाई, साखर घातली म्हण, गूळ घातला म्हण, काहीतरी म्हण. पंचफुलाबाई पडद्यावर राधिकेकडे बघत होती. राधिका खाली बघत होती. आता तसलं उत्तर दिलं असतं तर पोरीलाही तेच खोटं बोलावं लागलं असतं, पुढचा प्रश्न तिलाच होता.

‘‘न्हाई जी,’’ पंचफुलाबाई म्हणाली. आता आवाज तिचाच होता. ‘‘चवीला काही झालं न्हवतं. दूध चांगलं गोड व्हतं. दवाचं दूध दुसऱ्याच्या लेकराला पाजायचं न्हाई, म्हनून घातलं न्हाई. वैजनाथभाऊ माझ्या पोरीसाठी बोलले. त्यांच्यावर राग धरू नका.’’

माझ्या कानांतून वाफ निघत होती. मधले साहेब चष्म्यावरून बघायला लागले.

त्या बाई पुढे वाकल्या. ‘‘दुसऱ्याच्या लेकराला चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मग स्वतःच्या लेकीला कसं पाजलंत?’’

मी असा प्रश्न कुणाला विचारला असता तर लोकांनी मला मारलं असतं. पण त्या रागानं विचारत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

पंचफुलाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि बोलली. ‘‘आमच्यात म्हनतेत, घरच्या जनावराचं घरच्याला बाधत न्हाई. मी बी लहानपनापासून प्याले. माझी माय प्याली. पोरगी दोन वर्सानं घरी आली व्हती जी. कबरीशिवाय दुधाला दुसरं काही न्हवतं. रिकामा पेला कसा देऊ तिला?’’ ती थांबली. ‘‘पर बाधलं.’’

राधिकेनं मान वर केली. तिच्या चौकटीतून आवाज आला, बोलायची पाळी नसताना. ‘‘मॅडम, मला विचारा. सर हजारदा सांगतात, कुठंही काही खाण्याआधी विचार. मी हॉटेलात विचारते, विमानात विचारते. घरी विचारलं नाही. दूध प्याले आणि पेला पुढं केला, अजून दे म्हणून. विचारायचं काम माझं होतं. तिचं नव्हतं.’’

मोहिनीनं कपाळाला हात लावला. मी दार उघडून बाहेर गेलो आणि त्या ट्रकवाल्याला जे सुनवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

निकाल यायला वेळ लागला. समितीनं लिहिलं की दुधाची हकीकत त्यांना खरी वाटते, फसवायचा हेतू दिसत नाही, पण घरात माहीत होतं आणि खेळाडूनं विचारलं नाही, हा निष्काळजीपणा आहे. बंदी चौदा महिने. जिंकलेली स्पर्धा रद्द. ते विजेतेपद सृष्टीला. मी मोहिनीला फोन करून विचारलं, बाई चवीवरच ठाम राहिली असती तर राधिका सुटली असती का? ती म्हणाली, ‘‘मला माहीत नाही, मामा. खरंच माहीत नाही.’’ मला तरी अजून वाटतं, सुटली असती. रोज वाटतं.

आता लोकांची तऱ्हा बघा. निकालातली पंचफुलाबाईची वाक्यं कुणीतरी छापली. झालं! ज्यांनी पोरीच्या मनगटांवर गोल काढले होते, तेच ‘खरी माऊली’ म्हणून बाईचा फोटो फिरवायला लागले. माणिकराव हॉटेलात आले. म्हणाले, ‘‘वैजनाथ, बाईचा सत्कार ठेवू. शाल, नारळ, सगळं माझ्याकडून.’’ मी म्हणालो, ‘‘आधी त्या बॅनरचं भोक बुजवा, मंग नारळ फोडा.’’ ते चहा न पिता गेले. पंचफुलाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘माझ्या पोरीचं नुकसान झालं अन् माझ्या गळ्यात हार घालतेत? यांना लाजलज्जा हाय का न्हाई?’’

सगळ्यांत वाईट हे की निकालानंतर राधिकेनं आईला फोन केला नाही. एकदाही नाही. बापाशी बोलायची, सरांशी बोलायची. पंचफुलाबाई रोज दूध घालायला आली की माझ्या मोबाइलकडे बघायची. मी विचारायचो, लावू का? ती म्हणायची, ‘‘नगं. तिला बोलायचं न्हाई तर जबरदस्ती कशाला?’’ आणि भांडी घासायला मदत करायला लागायची, कुणी सांगितलेलं नसताना. मी उगीच गिऱ्हाइकांवर ओरडायचो.

आणि एका दुपारी फाट्यावर गाडी थांबली आणि राधिका उतरली. पाठीवर बॅग. कुणाला कळवलं नव्हतं. पंचफुलाबाई तेव्हा माझ्याकडेच होती, कॅना विसळत. पोरीला बघून तिच्या हातातली कॅन पडली. पुढे गेली नाही. जागेवरच उभी राहिली, शिक्षा ऐकायला उभं राहतात तशी.

हॉटेलात पाचसहा गिऱ्हाइकं. सगळ्यांचे कप हवेत.

‘‘तुझं वाटोळं केलं मी,’’ पंचफुलाबाई म्हणाली.

‘‘व्हय, केलं,’’ राधिका म्हणाली. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती. ‘‘लई राग आलाय मला तुझा, माय. झोप लागत न्हाई एवढा. सारे म्हनतेत, आईला माफ कर, आई खरं बोलली. मी न्हाई करत माफ. मला काहून न्हाई सांगितलं तू? एकदा म्हनायचं ना, पोरी, सुई दिली हाय हिला. एकदा!’’

‘‘मंग आली काहून इथं?’’

‘‘म्हनूनच आले. बाबावर काढता येत न्हाई, सरांवर काढता येत न्हाई, त्या समितीवर काढता येत न्हाई. दुसऱ्या कुनावर काढू मी?’’

पंचफुलाबाईनं पदर खोचला, पोरीच्या पाठीवरची बॅग ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. ‘‘काढ,’’ ती म्हणाली. ‘‘पन चालता चालता काढ. शेळ्या सोडायची येळ झाली.’’

दोघी माळाच्या वाटेला लागल्या. राधिका ओरडत होती, हात हलवून हलवून सांगत होती. पंचफुलाबाईही काही कमी नव्हती, तिचं तर सगळ्या फाट्याला ऐकू येत होतं. गिऱ्हाइकं माना वळवून बघत होती. एकानं मला विचारलं, ‘‘भांडून राहिल्या का हो त्या?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले. ‘‘चहा प्या गपचूप.’’